पत्रा कापायचा की वाचवायचा?

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ज्यानं कधी दादर ते व्हीटी प्रवास केला असेल, त्याला प्रीमियर पद्मिनीची ओळख करून द्यायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला आणि इटलीच्या फियाट ११००चं भारतीय रूप तिथून बाहेर पडू लागलं. १९७०च्या दशकात याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरली तशी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता उरल्यात त्या हौशी मालकांच्या गाड्या, बऱ्याचशा सोसायटीच्या आवारात कव्हरखाली उभ्या.

अशा गाडीचं इंजिन फारसा छळ मांडत नाही. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरांचं यंत्र ते. जाणता मेकॅनिक मिळाला तर पुन्हा सुरू होतं. गाडी जाते ती पत्र्यापायी. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालची सिलं, खांब, छप्पर हे सगळं एकमेकांना जोडून जी बॉडी होते तोच तिचा सांगाडा. त्यामुळे सिल गंजलं की शोभाच जाते असं नाही, गाडीचा कणाही जातो.

पुढे दिलेल्या संवादातली माणसं कल्पित आहेत. एक आहेत पत्र्याच्या कामात हयात गेलेले मिस्त्री, दुसऱ्या रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक ताई. गाडी ताईंची, पन्नाशी ओलांडलेली, हौसेनं विकत घेतलेली. वाद मात्र जुन्या गाड्यांच्या कुठल्याही गॅरेजात रंगतो तोच.

*

मिस्त्री : ताई, वरून गाडी झकास दिसते. पण आम्ही वरून बघत नाही.

(ते खाली बसले आणि डाव्या दाराखालच्या सिलवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत पुढून मागे सरकू लागले. पुढच्या चाकाकडे टणटणीत असलेला आवाज मधल्या खांबाजवळ बद्द झाला. तिथं त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावलं. ते धरेना, घसरून हातात आलं. मग स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून टोक दाबलं. आधी रंगाचा पापुद्रा निघाला, मग पुट्टीचा जाड तुकडा, त्यामागे वर्तमानपत्राचा ओलसर बोळा. शेवटी तांबडा भुगा सांडला आणि अंगठा आत जाईल एवढं भोक उरलं.)

ताई : हे कुणी केलं असेल?

मिस्त्री : आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी. मागच्या मालकानं सांगितलं असणार, विकायची आहे, दिसण्यापुरतं करून द्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही सिलं कापू, तळ कापू, चाकांवरच्या कमानी आणि दारांचे खालचे भाग कापू. सगळा नवा पत्रा, वर पूर्ण नवा रंग. कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखी करून देतो.

ताई : तशी मला नकोच आहे. कारखान्यातून आत्ता निघालेली गाडी हवी असती तर शोरूमला गेले असते. हा पत्रा कुर्ल्याच्या प्रेसखाली दाबलेला आहे. तो कापून भंगारात टाकलात आणि नवा वाकवून बसवलात, तर माझ्याकडे उरेल ती पद्मिनीच्या आकाराची दुसरीच गाडी.

मिस्त्री : आणि सडका ठेवला तर उरेल पद्मिनीच्या आकाराचं भंगार.

ताई : सडका ठेवा असं मी कुठं म्हणाले? वाचवता येईल तेवढा वाचवा म्हणतेय. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, यासाठी एक सनद केली आहे. ट्युरिन सनद म्हणतात तिला. १९६४ साली जुन्या वास्तूंच्या जतनासाठी व्हेनिसची सनद झाली होती, तिच्यावरून ही घडवली. जतन आधी, दुरुस्ती गरजेपुरती, आणि जे नवं घालाल ते नवं म्हणून ओळखू येऊ द्या, असा तिचा रोख.

मिस्त्री : वास्तूंसाठी ठीक आहे. पण देवळाच्या भिंतीत बसून माणसं साठच्या स्पीडनं हायवेवर जात नाहीत. ह्या गाडीत तुम्ही नातवंडांना बसवणार.

ताई : हा मुद्दा मान्य. पण सरकारी नियमातही मूळपणाचीच अट आहे. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

मिस्त्री : फेरफार आणि दुरुस्ती एक कसं होईल? मी सिल कापून त्याच मापाचं, त्याच घडणीचं सिल बसवलं, तर फेरफार कसला? छप्पर कापून उघडी गाडी केली तर तो फेरफार. बरं, तुम्ही मास्तरीण. गंज न कापता कसा थांबवता ते सांगा.

ताई : गंजाला तीन गोष्टी लागतात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. एक काढून घेतली की तो थांबला. घासून सैल गंज काढायचा, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर लावायचं. गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं, ते पाण्याला दाद देत नाही. दुसरा प्रकार टॅनिनचा. आपल्या हिरड्यात टॅनिन असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळंनिळं संयुग तयार होतं. त्यावरच आपल्याकडे काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करत आले. गंजावर लावलं तर तेच घडतं.

मिस्त्री : ते काळं करणारं औषध मी पुष्कळ लावलंय. लावल्या दिवशी सुरेख दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फोड. तुमचं पुस्तक याला काय म्हणतं?

ताई : पुस्तक तुमच्याच बाजूनं बोलतं. कन्व्हर्टर पोचतो तेवढ्याच थराचं काम करतो. गंज पातळ, पृष्ठभागावरचा असेल तर उत्तम. पण पापुद्र्यांवर पापुद्रे चढले असतील तर वरचे काळे होतात आणि तळचे चालूच राहतात. त्यात मुंबईची हवा. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ त्या पापुद्र्यांत मुरतं. मिठातलं क्लोराइड गंज वाढवतं आणि त्यात खर्चही होत नाही, तिथंच राहून पुन्हा कामाला लागतं. कन्व्हर्टर त्याला हात लावत नाही. वरून रंग दिला की तेच मीठ रंगातून ओल आत ओढून घेतं. तुम्हाला दिसतो तो फोड म्हणजे ते पाणी.

मिस्त्री : म्हणजे कापायचं.

ताई : म्हणजे कन्व्हर्टर लावण्याआधी गंज उघड्या पत्र्यापर्यंत घासायचा आणि गोड्या पाण्यानं धुऊन लगेच सुकवायचा. बोअरच्या पाण्यानं नव्हे. किनाऱ्याजवळच्या सोसायट्यांत ते बऱ्याचदा खारट असतं. गाडी रोज धुतो म्हणणारे कितीजण तिला रोज मीठ चोळत असतात.

मिस्त्री : घासण्याचं म्हणता, तर हात पोचतो तिथवर ठीक. हे सिल बघा. बाहेरून एक पत्रा, आतून एक, मध्ये पोकळी. कडेला दोन्ही पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलंय. त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी चढतं आणि बसतं. कुठला ब्रश घालणार तिथं? आणि गंज फुगतो, ताई. कडेचे दोन पत्रे त्यानं असे उलवलेत की मध्ये नाणं सरकेल.

ताई : फुगणारच. झिजलेल्या लोखंडाला लागत होती त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंजाला लागते.

मिस्त्री : मग माझा नियम ऐका. मी भोक बघत नाही, पत्र्याची पाठ बघतो. तळाचा पत्रा वरून दिसतो, गाडी उचलली की खालूनही दिसतो. तिथं तुमचं घासणं, धुणं, औषध, सगळं खुशाल करा, मी हरकत घेणार नाही. पण ज्याची पाठ दिसत नाही तो पत्रा वरून कितीही शाबूत दिसो, मी उघडून बघणार. सिल, खांबांची बुडं, कमानीच्या आतली घडी, दाराची खालची दुमड. बाहेर दिसतो तो गंज आतून आलेला असतो.

ताई : हा नियम मला पटतो. फक्त ‘उघडणं’ आणि ‘काढून टाकणं’ यांत फरक ठेवा. उघडल्यावर चांगला निघाला तो परत बसवायचा.

मिस्त्री : चांगला कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. हातोडीच्या अणकुचीदार टोकानं टोचल्यावर दबला तर तो गेला. मूळचा पत्रा साधारण वीस गेजचा, म्हणजे मिलिमीटरच्या आतबाहेर. गंजानं त्यावर खळगे पाडले की तुम्ही घासून चकचकीत कराल, पण खळग्याच्या तळाशी कागदाएवढं लोखंड उरलेलं असेल. त्यावर मी वेल्डिंगचा टाका घातला तर धरायच्या आधीच जळून भोक पडतं. म्हणून निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे जायचं.

ताई : आणि तिथं थांबायचं. तुमचं मघाचं ‘सगळं सिल’ मला खुपतं ते यासाठीच. पुढचा अर्धा भाग टणटणीत वाजला, मग तो का काढायचा? मागचा अर्धाच बदला.

मिस्त्री : इथं तुम्ही फसताय. अर्ध्यात जोड दिला की जिथं कारखान्यानं जोड ठेवला नव्हता तिथं मी एक नवा जोड तयार केला. तिथला रंग जळणार, तिथला पत्रा तापून ताणणार, आणि आतल्या बाजूनं उद्याचा गंज तिथूनच सुरू होणार. उलट पूर्ण सिल काढलं तर मी कारखान्याच्याच कडेवर काम करतो. जुने स्पॉट ड्रिलनं सोडवायचे, नव्या पत्र्याला त्याच ठिकाणी भोकं पाडायची आणि भोकं वेल्डिंगनं भरायची. बाहेरून बघणाऱ्याला स्पॉट होते तिथंच दिसतील. मूळ घडण म्हणता ना, ती यात जास्त राहते. मूळ पत्रा कमी राहतो, हे कबूल.

ताई : मूळ घडण की मूळ पत्रा. अशी निवड करावी लागेल असं वाटलं नव्हतं. सिलाच्या बाबतीत तुमचं ऐकते, कारण त्यावर गाडी उभी आहे. पण चाकावरच्या कमानीत नाही. तिथला गंज तळहाताएवढा आहे आणि डिकीतून त्याची पाठ दिसते. तिथं तेवढाच तुकडा घाला.

मिस्त्री : चालेल. पण तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून लावणार नाही. दोन पत्रे एकावर एक आले की पाण्याला नवी फट मिळाली. कडेला कड भिडवून जोडायचा. त्याला वेळ जास्त लागतो, मजुरी जास्त पडते, ते आधीच सांगतो.

ताई : सिल कापताना बॉडी बसत नाही का? चासी नाही म्हणता.

मिस्त्री : बसते ना. आधी कापून मग बघू म्हणणाऱ्यांच्या गाड्यांची दारं जन्मात लागत नाहीत. आधी दारं त्यांच्या बिजागऱ्यांवर नीट टांगायची. ही ड्रिलची बिटं बघा.

(त्यांनी चार नंबरचं बिट घेतलं आणि त्याची गुळगुळीत दांडी दार आणि खांब यांच्यामधल्या फटीत वरून खाली सरकवत नेली. वर ती अडकली, कुलपाच्या उंचीला बरोबर बसली, खाली सैल झाली. तिन्ही ठिकाणी त्यांनी खडूनं खुणा केल्या.)

मिस्त्री : वर फट आवळली आहे, म्हणजे गाडी मधून आत्ताच थोडी झुकली आहे. आधी तिला चाकांच्या जागी टेकू देऊन, हळूहळू उचलून ही फट सारखी करायची. मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे टेके टाके मारून बसवायचे. त्यानंतर एका बाजूचं सिल सुटं करायचं. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. टाके घालतानाही एका रांगेत धावायचं नाही. एक टाका इथं, पुढचा वीतभर लांब, मग मध्ये, आणि प्रत्येक वेळी निवू द्यायचं. पूर्वी आम्ही गॅसनं जोडायचो, पत्रा तापून पापडासारखा वेडावाकडा व्हायचा. सीओटू वेल्डिंगनं उष्णता आवरती राहते.

ताई : आणि सिल बंद केल्यावर त्याच्या आत जळलेल्या रंगाचं काय? बाहेरून तुम्ही घासाल, रंग द्याल. आत उघडा, तापून निळा पडलेला पत्रा राहील. आजच्या गाड्यांची पूर्ण बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या जोरावर कानाकोपऱ्यात थर चढवतात. आपल्याला ती सोय नाही.

मिस्त्री : बंद करण्याआधी दोन्ही पत्र्यांच्या आतल्या अंगाला एपॉक्सी प्रायमर, आणि जिथं जोड येणार त्या कडांना जस्ताचा प्रायमर, ज्यावरून वेल्डिंग चालतं तो.

ताई : जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, पण त्याचा उघड्या लोखंडाशी थेट संबंध हवा. गंजावर फासलं तर पैसे पाण्यात. आणि टाक्याच्या अगदी जवळ तेही जळतंच.

मिस्त्री : जळतं. म्हणून शेवटी पोकळीत मेण. वेल्डिंग, रंग, सगळं उरकल्यावर. आधी मारलं तर पेट घेईल. लांब नळी, तिच्या टोकाला चहूकडे फवारा उडवणारा नोझल. मूळ भोकांतून घालायची आणि मागे ओढत आणायची. ते मेण फटीत झिरपतं. उन्हाळ्यात पातळ होऊन ठिबकणारं नको, उष्णता सोसणारं घ्यायचं, आणि काही वर्षांनी परत मारायचं. एकदा केलं आणि सुटलो, असं गंजाच्या बाबतीत काही नसतं.

ताई : मग गॅरेजवाले पावसाळ्याच्या तोंडाला जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल फवारतात, ते?

मिस्त्री : स्वस्त पडतं म्हणून. मीही मारलंय. खोटं कशाला बोलू, त्यानं गंज लांबतो.

ताई : लांबतो, पण जळक्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल असते, रबराची बुशं त्यानं फुगतात, आणि ठिबकलेलं सगळं गटारात जातं. माझ्या गाडीला नको.

मिस्त्री : नको तर नको. पण ते जाड काळं डांबरी कोटिंगही सरसकट मारू नका. नवं असेपर्यंत छान. दगड लागून त्याला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही; वरून काळं कुळकुळीत, खाली पत्र्याची चाळण. मारायचंच तर स्वच्छ पत्र्यावर, एपॉक्सीवर आणि पातळ. त्याहून मोठी गोष्ट फुकटची आहे. दाराच्या खालच्या कडेला आणि सिलाच्या बुडाला पाणी जायची भोकं असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची ती पाल्यानं आणि चिखलानं बुजतात. वर्षातून दोनदा तारेनं मोकळी केली असती, तर निम्मं काम माझ्याकडे आलंच नसतं.

ताई : पुट्टीबद्दल तुमचं काय? ती वर्तमानपत्राची पाहिल्यापासून मला पुट्टी अजिबात नको असं वाटतंय.

मिस्त्री : पुट्टीचा काय दोष? दोष जागेचा आणि जाडीचा. पत्रा हातोडी आणि डॉलीनं ठोकून जवळपास सपाट आणायचा, उरलेली दोन-तीन मिलिमीटरची उणीव पुट्टीनं भरायची. भोक तिच्यानं बुजवायचं नाही. जुने विलायती कारागीर शिसं भरायचे. पत्रा खरवडून त्यावर आधी कथिलाचा हात द्यायचा, भांड्याला कल्हई करतात तसा, मग शिशाची कांडी मऊ करून लाकडी थापीनं पसरायची. पाणी पीत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण ते शिसं पॉलिश पेपरनं घासलं की विषारी धूळ. कानशीनंच उतरवावं लागतं. आणि पत्रा साफ करायला वापरलेलं ॲसिड नीट धुतलं नाही, तर गंज तिथूनच.

ताई : पुट्टीही पाणी पिते. तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते. तुमची पोरं पुट्टीवर पाणी मारत पेपर घासतात, ते मला अजून कळलेलं नाही. ज्या ओलीपासून पत्रा वाचवायचा तीच आपण हातानं आत भरतो.

मिस्त्री : पाण्यानं धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही, म्हणून. पुट्टीला कोरडंच घासू, कबूल. तोंडाला मास्क बांधायला लावतो.

ताई : आणि तिच्याखाली आधी एपॉक्सी. उघड्या पत्र्यावर पुट्टी नको.

मिस्त्री : आम्ही आजवर खरखरीत केलेल्या उघड्या पत्र्यावरच भरत आलो, पकड चांगली बसते.

ताई : पकड बसते. पण पुट्टीतून उतरलेली ओल थेट लोखंडाला लागते. मध्ये एपॉक्सी असला तर तिथं अडते.

मिस्त्री : एपॉक्सीला वाळायला वेळ द्यावा लागतो. दिवस वाढतील.

ताई : वाढू देत. जुना रंग काढायला सँडब्लास्टिंग करणार का?

मिस्त्री : तळाला आणि सस्पेन्शनच्या भागांना, हलक्या हातानं. बोनेट, छप्पर, दारांचे मोठे सपाट पत्रे, यांना नाही. मारा बसला की पत्रा ताणून लाटा येतात, मग कुणाच्या बापाला सरळ होत नाही. तिथं रंग काढायचं केमिकल आणि हात. आणि कोरड्या वाळूचा मारा माझ्या शेडमध्ये मी करत नाही. त्या धुळीनं फुप्फुसं गेलेली माणसं पाहिलीत.

ताई : बिजागऱ्या, ब्रॅकेट, असले लहान भाग माझ्याकडे द्या. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जर लावते. गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. गंज सुटतो, चांगलं लोखंड झिजत नाही. स्टेनलेसची पट्टी तेवढी कुणी लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

मिस्त्री : तुमच्या गॅलरीत प्रयोगशाळा करताय तर करा. माझी मजुरी वाचली.

ताई : आता रंगाचं. छपराचा रंग मूळचा आहे. फिकट पडलाय, दोन ठिकाणी पत्रा डोकावतोय, पण खाली गंज नाही. तो तसाच ठेवायचा. खालच्या नव्या भागाला त्या फिकट रंगाशी जुळेल असा रंग द्या.

मिस्त्री : हे मात्र मला जमणार नाही. छप्पर विटलेलं आणि दारं नवी, अशी गाडी माझ्या शेडमधून निघाली तर लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला रंग पुरला नाही. तुम्हाला त्यात इतिहास दिसतो, माझ्या गिऱ्हाइकाला त्यात अर्धवट काम दिसतं. पद्मिनी काही संग्रहालयातली वस्तू नव्हती, ताई. टॅक्सीवाले दर वर्षी पासिंगला जाण्यापूर्वी तिला रंग मारून घ्यायचे. नवा रंग हाच तिचा रिवाज.

ताई : टॅक्सीचा असेल. ही घरची गाडी होती. पुन्हा रंगवायला दहा वर्षांनीही येईल. एकदा खरवडलेला मूळ रंग मात्र परत आणता येणार नाही.

मिस्त्री : आणि डोकावणारा पत्रा? तो गंजणारच.

ताई : तेवढ्या जागा साफ करून पारदर्शक लेप देईन, वर मेण. वर्षातून दोनदा मी स्वतः.

मिस्त्री : स्वतः करणार असाल तर छप्पर तुमचं. मी हात लावत नाही आणि जबाबदारीही घेत नाही. बिलावर तसं लिहीन.

ताई : लिहा. शिवाय प्रत्येक टप्प्याचे फोटो हवेत. बदललेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कुठं दिसणार नाही अशा जागी बदलल्याचं वर्ष ठोका. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली, तर त्याला कळू दे कुठला पत्रा कुर्ल्याचा आणि कुठला तुमचा.

मिस्त्री : हे करीन. माझं काम लपवावं असं मला तरी कुठं वाटतंय? वर्तमानपत्र कोंबणाऱ्याला लपवावं लागतं.

ताई : मग कधी सुरू करता? मे संपत आलाय.

मिस्त्री : आत्ता अजिबात नाही. घासलेला पत्रा जूनच्या हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो.

ताई : हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ लोखंडही गंजायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते.

मिस्त्री : आणि रंगही पांढुरका पडतो. ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी प्रायमर, हा माझा शिरस्ता. पावसाळ्यात तो पाळणं होत नाही. दसऱ्यानंतर आणा. आणि गाडी नुसत्या प्रायमरवर महिनोन्‌महिने ठेवायची नाही; वरचा प्रायमर सच्छिद्र असतो, रंगाशिवाय ओल धरतो. तोवर तुम्हाला एक काम देतो. पुढच्या काचेवर पाण्याचा पाइप धरा, आतलं कार्पेट आणि खालचं तागाचं अस्तर काढून कुणाला तरी टॉर्च घेऊन आत बसवा. काचेचं रबर कडक झालंय, तिथूनच गळत असणार. तळ वरून गंजलाय, खालून नव्हे. गळती न काढता मी नवा पत्रा बसवला, तर तोही त्याच पाण्यात उभा राहील.

ताई : आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर?

मिस्त्री : काढून टाका. आत घाम धरतं. हवा खेळेल असं कापडी घ्या, छपराखाली जागा मिळाली तर तेही नको.

ताई : खर्चाचा अंदाज?

मिस्त्री : सिल उघडल्याशिवाय आकडा सांगणारा एक तर ज्योतिषी असतो, नाही तर पुट्टी लावणारा. डाव्या बाजूचं उघडण्याचे पैसे ठरवू. आत काय निघतं ते दोघं मिळून बघू. पुढचं तेव्हा बोलू.

ताई : कापलेला पत्रा मात्र मला दाखवल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही.

मिस्त्री : एकेक तुकडा नंबर घालून ठेवतो. त्यातला कुठला मी उगाच कापला असं वाटलं, तर त्याची मजुरी घेणार नाही. पण काय उगाच आणि काय नाही, यावर तेव्हाही आपलं भांडण होणारच.